लवू तांडेलाच्या केबिनीतला तांब्या

लवू तांडेलाने चाळीस वर्षं गलबत हाकारलं. ओकारी ही त्याच्या मते फक्त घाटावरच्या लोकांना शोभणारी गोष्ट होती. रत्नागिरीहून सगळ्यांनी आगबोटीने मुंबईला जायचं ठरलं, तेव्हा त्याच्या मुलाने, आत्मारामने, दोन केबिनी घेतल्या. एकीत आजी आणि धाकटी गंगा, दुसरीत आजा आणि नऊ वर्षांची मालन. मालनला आभाळ ठेंगणं झालं.

"तांडेलाची नात तू," आजा म्हणाला, "तुला बोट लागायची नाय."

तिला लागलीही नाही. जयगड मागे पडलं आणि लागली ती आजाला. उघड्या गलबतावर जन्म काढलेला माणूस त्या कोंदट खोलीत पिवळा पडला. मालनने तांब्या धरला, पाठ चोळली, लिंबू हुंगायला दिलं.

"कोणाला सांगू नको हां, बाय."

तिने गळ्याची शपथ घेतली आणि तांब्या घेऊन बाहेर पडली, तर दारात आजी.

"अगो, काय झालं?"

मालन तोंड उघडायच्या आत आतून खणखणीत आवाज आला, "पोरीला बोट लागली गो! म्हणे तांडेलाची नात!"

डेकवर हशा पिकला. तिचा बापही हसला. शपथ घेतलेली होती, त्यामुळे मालन तांब्या विसळायला निघून गेली.

परतीच्या दिवशी तिने आपली वळकटी थेट आजीच्या केबिनीत टाकली.

"आणि माझ्याकडे कोण?" आजाने दारातून जरा हळूच विचारलं.

मालनने त्याच्या हातावर लिंबू ठेवलं आणि दार लावून घेतलं.