आत्याबाईंच्या वजनाचं पोतं

आमच्या आत्याबाईंना रहाटपाळण्यात बसवण्याआधी मी ज्वारीचं एक पोतं बसवून पाहिलं होतं. (आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पोतं म्हणजे पोतंच.) घरात ही गोष्ट निघाली की सगळे मला हसतात. हसणाऱ्यांपैकी एकानेही आजवर सासू पाळण्यात बसवायची जबाबदारी घेतलेली नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

त्या साली आम्ही वाटूरकडच्या एका गावी पीराच्या उरुसाला गेलो होतो. दर्ग्याला नवसाची ज्वारी द्यायची होती. बैलगाडीत आमचे हे, मी, आत्याबाई आणि ज्वारी. गावात शिरतो न शिरतो तोच आत्याबाईंना तो पाळणा दिसला. ताडाएवढा उंच! (बरं, चिंचेएवढा.) चार लाकडी खोकी आणि ती हाताने फिरवणारे दोन गडी.

"पार्वते, मला त्याच्यात बसायचंय."

"या वयात?"

"मंग कवा? मेल्यावर?"

कारण वेगळंच होतं. आत्याबाईंचं माहेर तिथून कोसभरावर, माळाच्या पलीकडे. बारा वर्षांपूर्वी भावजयीने भरल्या पंगतीत "आमच्या नणंदबाईंना भाकरी जरा जास्तीच लागती" असं म्हटलं, आणि त्या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही, अशी शपथ घेऊन आत्याबाई पानावरून उठल्या. त्या अजून उठलेल्याच होत्या.

"शपथ पाय न ठेवायची घेतली मी," त्या म्हणाल्या, "न बघायची कुठं घेतली? वरून देवळाचं शिखर दिसतंय म्हणत्यात. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला, दुसऱ्याचा भरवसा न्हाई. पुढच्या साली मला पाळणाबी दिसायचा न्हाई."

आमच्या ह्यांचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत, कारण पडल्या तर हाड शेकत कोण बसणार, हे मला ठाऊक होतं. मी गाडीतून उतरले आणि पाळण्याच्या मालकाला, उस्मानभाईला, गाठलं.

"किती वर्षं झाली या पाळण्याला?"

"बीस बरस, अम्मा."

"किती जण पडले?"

"एक बी नै गिर्‍या."

"म्हणजे आता पडायची वेळ झाली."

उस्मानभाईने माझ्याकडे नीट पाहिलं.

"ही मधली खीळ कोणी बसवली?"

"हमारे अब्बा बिठाए."

"म्हणजे जुनी आहे."

"जुनी नै अम्मा, पक्की! अमीनसाब के बच्चे बैठे इसमें!"

"ठाण्याच्या अमीनसाहेबांना आठ लेकरं आहेत. मला सासू एकच आहे."

 उस्मानभाईने आमच्या गाडीकडे बोट केलं. "और तुम आए सो गाडी? उसके चाक की खीळ किधर है?"

उजव्या चाकाची लोखंडी खीळ मागच्या पोळ्याला पडली होती. तेव्हापासून तिच्या जागी बाभळीची एक काडी ठोकलेली होती, आणि नवी खीळ पुढच्या बाजारी आणायची असं दर बाजारी ठरत होतं.

"ती गोष्ट वेगळी," मी म्हणाले. "ती आमची गाडी आहे."

मग मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. आत्याबाईंना आजारपणात मी दोनदा उचललं होतं, त्यामुळे त्यांचं वजन मला हाताने पाठ होतं. नवसाच्या पोत्यातून दोन पायल्या ज्वारी काढल्यावर ते बरोबर झालं. पोतं पाळण्यात ठेवलं आणि उस्मानभाईला सांगितलं, "फिरवा."

"अम्मा, अनाज को कौन घुमाता?"

"फिरवा!"

उरुसातली निम्मी माणसं जमली. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्याला पोतं जरा कलंडलं. तिसऱ्याला ते ऐन वरच्या टोकाला गेलं, तिथे विचार केल्यासारखं थांबलं, आणि खाली आलं! कोणाला लागलं नाही, पण ज्वारी मात्र सगळ्यांना मिळाली. टोप्यांत, पदरांत, जिलबीच्या कढईत. दर्ग्याचे म्हातारे मुजावर दाढीतले दाणे झटकत म्हणाले, "पहुंच गई, माई. मन्नत पहुंच गई."

"बघितलं?" मी आत्याबाईंना म्हणाले. "हे तुम्ही होतात."

"पोत्याला हात नसत्यात," आत्याबाई म्हणाल्या. "मला हायत."

"तुमचं दोघींचंबी बराबर हाय," आमचे हे म्हणाले. (त्यांचं हे वाक्य लग्नापासून चालू आहे.)

आत्याबाई ऐकेनात. पाळण्याखाली मांडी घालून बसल्या. तेव्हा मी दुसरा, बिनधोक मार्ग काढला. गाडीत चांगलं जाड चऱ्हाट होतं. मी स्वतः आत्याबाईंच्या शेजारी बसले, दोघींच्या कमरेला चऱ्हाटाचे तीन वेढे घातले, आणि ह्यांच्याकडून बैठकीच्या मागे, खालच्या अंगाला, म्हैस खुंट्याला बांधतात ती गाठ मारून घेतली. मागे अशासाठी की आत्याबाई उतावळ्या. हात पोचला तर वरच सोडतील. ती गाठ जितकी ओढावी तितकी घट्ट होते. आमच्या म्हशीला ती आजवर सुटलेली नाही.

पाळणा निघाला आणि मी डोळे मिटले. (नजर ठेवायलाच बसले होते, पण पोट एकीकडे आणि मी एकीकडे असताना नजर कुठे ठेवणार?)

"दिसलं! पार्वते, शिखर दिसलं गं! बघ की!"

"बघतेय," मी डोळे मिटूनच म्हणाले.

पाच फेरे झाले. उस्मानभाईने पाळणा थांबवला. "उतरो अम्मा."

आम्ही उतरलो नाही. गाठ सुटेना. ह्यांनी नखं लावली, गड्यांनी दात लावले, उस्मानभाईने अल्लाचं नाव घेतलं. पाच फेऱ्यांत दोघींच्या वजनाने गाठ अशी आवळली होती की चऱ्हाट कुठे संपतं आणि खोकं कुठे सुरू होतं, ते कळेना.

"विळा आणा!" मी म्हणाले. हे विळा शोधायला गेले. उरूस मोठा होता.

इकडे रांगेतली माणसं ओरडायला लागली. "ए, बायांना उतरव की! आमचा नंबर हाय!" बाकीच्या तीन खोक्यांतली माणसं उतरवायची तर पाळणा फिरवावाच लागणार. नवी बसवायची तरी फिरवावाच लागणार. "हे विळा घेऊन येईपर्यंत हलायचं नाही," असं मी सांगून पाहिलं.

"अम्मा," उस्मानभाई शांतपणे म्हणाला, "तुम तो बंधे हुए. तुमको क्या डर?"

आणि पाळणा निघाला. फेरे मी मोजले नाहीत. सकाळची भाकरी कुठपर्यंत वर आली होती, तेही सांगत नाही. वर पोचलो की दर खेपेला आत्याबाई माहेरची खबर देत होत्या.

"चिंच हाय अजून. वाळली न्हाई."

पुन्हा वर.

"घराच्या धाब्यावर लाल दिसून राह्यलंय. मिरच्या घातल्यात भावजयीनं. एकाच ढिगात! बारा वर्सं झाली, अजून पसरायला शिकली न्हाई."

पुन्हा वर.  या खेपेला त्यांनी पदराने चांगला डोळा पुसला, एवढं मला मिटल्या डोळ्यांनीही कळलं, कारण त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

अखेर हे विळा घेऊन आले. (मिशीला जिलबीचा पाक होता. मी काही विचारलं नाही. मी बांधलेली होते.) चऱ्हाट तीन जागी कापावं लागलं. आत्याबाई टुणकन उतरल्या. मला दोन गड्यांनी उतरवलं.

उन्हं कलताना परत निघालो. मी वाटभर ह्यांना समजावत होते की, बांधलं म्हणूनच आज सगळं सुखरूप झालं, उगाच धोका पत्करणं मला पसंत नाही. ओढ्याच्या उतारावर मी याच विषयावर असताना बाभळीची काडी मोडली. उजवं चाक आमच्या पुढे निघून ओढ्यात गेलं आणि गाडी कलंडली. ह्यांनी जू पकडलं. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी गाडीची कड धरली. मघाशी म्हणाल्याच होत्या, त्यांना हात होते. माझे मात्र बोलण्यात गुंतलेले होते. मी थेट खाली, चिखलात, मनगटावर.

ह्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं. मी बघितल्यावर मिटलं.

आत्याबाई वरून वाकल्या, चांगल्या डोळ्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पार्वते, गाडीतबी आधी पोतं बसवून बघायचं हुतं. पण तुझ्या वजनाला एक पुरलं नसतं."