तोंडात टाचण्या धरलेली बाई

टाचणीबाईंचं खरं नाव गल्लीत कुणाला विचारलंत, तर समोरचा डोकं खाजवत बसेल. बायकांचे कपडे शिवायचं त्यांचं दुकान होतं, पुढे दोन मशिनी आणि पडद्यामागे घर. काम करताना ओठांत टाचण्या धरायची सवय, म्हणून त्या टाचणीबाई.

रविवारी चर्चमध्ये बाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की काय सांगावं! असे गोड शब्द, असा ओला आवाज, की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या. सोमवारी दुकानाचं शटर वर गेलं की आवाज तोच, साखर मात्र संपलेली. “कमरेचं माप मागचंच लिहू, की खरं घेऊ?” असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायच्या. गिऱ्हाइकं ते हसण्यावारी न्यायची, कारण शिलाई चांगली होती. दुसऱ्या मशीनवर बसणाऱ्या सुनेला मात्र ते हसण्यावारी नेता येत नव्हतं.

सून बोलायला कमी आणि हाताला पक्की. गळा बसवावा तर तिनेच. पण बाईंनी तिचं कापड हातात घेतलं की झालंच! “ही टीप म्हणायची की मुंगी वाट चुकलीय?” किंवा, “अगं, सुई धरलीयस की कुदळ?” सून मुकाट्याने उसवायची आणि पुन्हा तशीच्या तशी शिवायची. मग ती बाईंना चालायची. यातली गंमत बाईंच्या कधी लक्षात आली नाही.

एका शनिवारी जेवताना सून म्हणाली, “आई, बाजारातल्या मोठ्या दुकानात मला बोलावलंय. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय. गेलो तर आम्ही दोघं तिकडेच खोली घेऊ.” मुलगा ट्रकवर होता, त्यामुळे मध्ये पडायलाही कुणी नव्हतं.

“जा की! अडवलंय कुणी?” असं म्हणून बाई उठल्या आणि घासलेली ताटं पुन्हा घासायला बसल्या. घरात एकटं राहायचं, हा विचारच त्यांना सोसत नव्हता. पण ते सांगेल ती जीभ कसली!

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेश केला तो नेमका बोलण्यावर. जे जिभेवर येतं, ते आधी मनात शिजलेलं असतं, असं ते म्हणाले आणि त्यांनी थेट आपल्याकडे पाहिलं, असं बाईंना वाटलं. खरं तर ते भिंतीवरचं घड्याळ बघत होते. पण बाईंना लागायचं ते लागलं. जीभ आवरायची म्हणजे आवरायची, त्यांनी ठरवून टाकलं. आता आठवडाभर तोंडातून टाचण्या काढायच्याच नाहीत. मनात शिजण्याचा जो भाग होता, तो त्या घरी येईपर्यंत विसरल्या.

मग काय विचारता! “बाई, ब्लाऊज झाला?” “अं.” “गुरुवारी येऊ?” “हूं.” गिऱ्हाइकं चक्रावली. सुनेचं तर धाबं दणाणलं. बोलणी खायची तिला सवय होती, या गप्प बसण्याची नव्हती. बाई मात्र मनातून भलत्याच खूश. आठवडा अर्धा सरला आणि एक वाकडा शब्द नाही!

चर्चच्या गायकमंडळाचे नवे झगे त्याच आठवड्यात शिवायचे होते. मंडळाच्या प्रमुख बाई झगा घालून बघायला आल्या आणि आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “वा! गळा काय सुरेख बसलाय! बाई, तुमचा हात अजून तसाच आहे हं!”

गळे झाडून सगळे सुनेने शिवले होते. तिचं मशीन थांबलं. बाईंना ते ऐकू आलं. टाचण्या काढून एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? बाई म्हणाल्या, “हूं,” आणि झग्याचा घेर दुमडायला खाली वाकल्या. मशीन पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात. संध्याकाळी सुनेने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढून पुसून ठेवली.

बॅग बघून बाई पुढच्या खोलीत आल्या. एक झगा उचलून त्यांनी गळा निरखला. चूक नव्हती. उलटा करून निरखला, तरी नव्हती. त्यांना राग आला. चूक नाही म्हणून राग आला, हे कळल्यावर त्या मटकन स्टुलावर बसल्या. आठवडाभर तोंड बंद आणि आत हे एवढं सगळं! हेवा, दुसरं काय! सुनेला हाक मारून तिथल्या तिथे सांगावं असं वाटलं, पण जिवावर आलं.

रविवारी नव्या झग्यांत गाणी झाली. पाळकसाहेबांनी बाईंना पुढे बोलावलं. टाळ्या पडल्या. बाईंजवळ वाक्य तयार होतं, “सगळा महिमा देवाचा.” फार सोयीचं वाक्य ते! नम्रही दिसता येतं आणि कौतुकही कुठे जात नाही.

“सगळा महिमा...” त्यांनी सुरुवात केली आणि त्यांना सून दिसली. ती शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसली होती. बाई अडखळल्या.

“महिमा देवाचा आहेच,” त्या म्हणाल्या, “पण गळे माझ्या सुनेने शिवलेत. सगळे. परवा दुकानात माझं कौतुक झालं, तेव्हा मी गप्प बसले. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि ते मला बघवत नाही. म्हणून मी तिला टाकून बोलते. तिचं शिवणं वाईट असतं म्हणून नाही.” आवाज आज ओला नव्हता, चांगला खरखरीत होता. म्हाताऱ्या पदर हातात धरून नुसत्या बघत राहिल्या.

 घरी आल्यावर दारात कुलूप काढता काढता बाई सुनेला म्हणाल्या, “तू जा हवं तर. पण तू गेलीस की मला करमायचं नाही. त्या दिवशी हेच सांगायचं होतं.”

सोमवारी सकाळी सून बाजारात गेली. बाईंनी दोन कप चहा ओतून ठेवला आणि तोंडात टाचण्या धरून, समोर कापड नसताना बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने सून आली. चपला काढून म्हणाली, “आई, त्यांना नाही म्हणून आले.”

बाईंनी टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. डोळे पुसले. मग म्हणाल्या, “नाही म्हणायला एवढा वेळ लागतो होय गं? चहाचं पार पाणी झालं!”

सुनेला हसू आलं. गार चहा तिने तसाच पिऊन टाकला.