ओढ्याचं पाणी नितळ झालं तेव्हा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याहून बदली होऊन मी सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार म्हणून नुकताच हजर झालो होतो. हद्दीत सूत रंगवण्याचा एक कारखाना होता. त्याचं सांडपाणी ओढ्यात जाई आणि ओढा लालभडक वाही.

एके दिवशी गावकरी त्या पाण्याची बाटली घेऊन ठाण्यात आले. रीतसर तक्रार नोंदवून पाणी तपासणीला पाठवायचं, हे मला कळत होतं. पण तेव्हा कागदापेक्षा स्वतःच्या आवाजावर माझा भरवसा जास्त. कारखान्यात गेलो आणि मालकाला दरडावलं, "आठ दिवसांत ओढ्यात रंग दिसता कामा नये." आठवड्यात पाणी खरोखर नितळ झालं. गावाने मला नारळ दिला आणि मी तो मोठ्या तोऱ्यात घेतला.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी ओढ्याकाठी सात जनावरं तडफडून मेली. गावात मेलेली जनावरं ओढून नेणारा आणि कातडी काढणारा एक माणूस होता. त्याच्याच मदतीने जनावरांच्या डॉक्टरांनी ती उघडून पाहिली आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे तुकडे, तपासणीसाठी बाटल्यांत भरून घेतला. पंचनामा चालू असताना गावातल्या एका वजनदार असामीने मला बाजूला घेतलं.

"सायेब, ह्यो कातडीवाला सकाळी वड्यावर हुता. जनावर मेलं की कातडं ह्येलाच मिळतंय. आनी काय पायजे?"

तो गावाबाहेर राहणारा, त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. कातड्यासाठी यानेच विष घातलं, ही खबर मला पटली. खरं सांगायचं तर ती सोयीची होती. संध्याकाळी त्याला उचललं.

तीन दिवस तो कोठडीत होता. पहिल्याच जबाबात त्याने सांगितलं, "आवं सायेब, म्या कातडं धुवाया गेलतो. इख न्हाई घातलं. उभा जलम जनावरं फाडन्यात गेला माजा. ह्यांचं रगात तांबडं न्हवतंच, काकवीवानी तपकिरी हुतं. आसलं कवा बगितलं न्हाई."

हवालदार ते लिहून घेऊ लागला. मीच त्याला थांबवलं. "रक्ताचा रंग सांगायला आणलंय का रे तुला?" असं म्हणत काठी हातात घेतली. त्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. त्याची बायको रोज ठाण्याबाहेर भाकरी घेऊन बसे. तिच्याकडे बघायचं मी टाळत होतो.

चौथ्या दिवशी डॉक्टर स्वतः ठाण्यात आले. रक्त तपकिरी का झालं, ते त्यांनी पुस्तकं चाळून शोधलं होतं. नायट्राइट नावाचा क्षार पोटात गेला की असं होतं, आणि तो सूत रंगवताना वापरतात, असं ते म्हणाले. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच आलं. मी तडक कारखाना गाठला आणि रंगमास्तरला समोर बसवलं. उंब्रजकडचा, वयस्कर, सरळ माणूस.

"हे नायट्राइटचं मीठ तुम्ही पहिल्यापासून वापरता?"

"व्हय. लाल चढवाया लागतंयच."

"मग जनावरं आत्ताच कशी मेली?"

"तवा पानी लाल हुतं, जनावर तोंड लावत न्हवतं. आता आमी तुरटी-चुना टाकून रंग तळाला बसवतो. पर इरघळलेलं मीठ पान्यातच ऱ्हातंय. आन खारट पानी जनावराला लय आवडतंय."

"आणि हे ठाऊक असून तुम्ही पाणी सोडलंत?"

"जनावरं मरतील, हे डोक्यात न्हाई आलं, सायेब. मालकानं इचारलं, फौजदाराला काय पायजे? म्या म्हनलं, रंग दिसाया नगं. तेवडंच सांगितलं हुतं तुमी."

रंग होता तोवर जनावरं सावध होती. तो घालवायचा हुकूम माझा होता.

कातडीवाल्याला सोडलं. माझ्या बदलीनंतर मालकावर खटला होऊन त्याला मामुली दंड झाला. त्या प्रकरणाने मला एवढं शिकवलं, की तक्रार मिटली म्हणजे गुन्हा मिटला असं नसतं. पुढच्या नोकरीत मी कुठलाही जबाब अर्धवट लिहू दिला नाही. पण हे शहाणपण ज्याच्या हाडांवर आलं, त्याच्या ते काही उपयोगाचं नव्हतं.

तो सुटल्यावर आठवड्याने मी त्याच्या घरी गेलो. हाताला फडकं बांधून तो दारात आला. माफी मागायचं मनात होतं, पण विचारलं एवढंच, की हात कसा आहे. तो म्हणाला, "सायेब, माज्या हाताचं ऱ्हाऊ द्या. पर चावडीत यून येकदा सांगा, की म्या इख घातलं न्हवतं. गाव तुमचंच ऐकंल."

येतो म्हणालो. पण चावडीत उभा राहिलो असतो तर पाणी कोणाच्या हुकमाने नितळ झालं, हेही सांगावं लागलं असतं. आज जातो, उद्या जातो म्हणत बदलीचा हुकूम आला. तोवर गावाने त्याला जनावराला हात लावू देणं बंद केलं होतं. नवरा-बायको घर सोडून म्हसवडकडे कुठे तरी निघून गेले. मी चावडीत गेलो नाही.