‘दूर कर’ न म्हणता घातलेलं गाऱ्हाणं

वैदेहीताईंचं नाव आधी घेते. काय झालं ते मग सांगते, कारण सांगायला लागले की मी भरकटते आणि ज्यांच्यामुळे हे लिहितेय त्यांचंच राहून जातं. आमच्या वस्तीजवळच्या दवाखान्यात, अगदी शेवटच्या खोलीत, त्या दर बुधवारी बसतात. दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी आहे. माझी शाळा आठवीत सुटली, मला तो शब्द दोनदा वाचावा लागला. वयाने त्या माझ्यापेक्षा लहान असतील, पण मी ताईच म्हणते.

जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, त्या दोघांसाठी हे आहे. तुमच्यातही कुणाचं असं होत असेल, असं मला सारखं वाटतं.

मी निघाले त्या सकाळी कुडाळच्या स्टँडवर आये आणि आबा दोघंही आले होते. मी सतराची. दहिसरला मावशीकडे राहायचं, मिळेल ते काम धरायचं, एवढंच ठरलेलं. आबांनी पिशवी खिडकीतून आत दिली आणि ड्रायव्हरला उगाचच सांगितलं, “सावकाश चलवा हां.” जशी काय एसटी माझ्या एकटीसाठीच लागली होती. आये खिडकीचे गज धरून उभी. आमच्या वाडीत तेव्हा फोन एकच, दुकानदाराकडे. मी म्हटलं, अधूनमधून फोन कर गो. तर म्हणाली, “फोन कित्याक व्हयो? काय वायट जाला तर फोन येतलो. नाय इलो तर समजायचा, सगळा बरा आसा.”

तेव्हा मला त्याचा केवढा आधार वाटला! पुढची कितीतरी वर्षं मी त्या न येणाऱ्या फोनवर काढली. फोन नाही म्हणजे विहिरीला पाणी आहे, आबांचे गुडघे चालतायत, गाय व्यायली असेल. मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगी झाली, दहिसर नदीच्या बाजूला चाळीत दीड खोली झाली. बोरीवलीत एका पोळी-भाजी केंद्रात मी लागले. आम्ही आठ बायका, चार शेगड्या, सकाळी सहापासून लाटणं. हात पिठाचे असतात म्हणून सगळ्यांचे फोन एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. कुणाचा वाजला की जिचा हात मोकळा ती उचलून दुसरीच्या कानाला लावणार.

चार वर्षांपूर्वी सकाळी अकराला माझा वाजला. माझ्या शेजारी लाटणाऱ्या मंगलने कानाला लावला. पलीकडे माझा चुलतभाऊ बाळा. “आबा गेले.” माझ्या हातात अर्धी लाटलेली पोळी होती. ती मी पूर्ण लाटली. का ते मला अजून कळलेलं नाही.

मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. रडायला सवडच झाली नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा, दहावं, तेरावं, आणि मग परत दहिसर, शेगडी, लाटणं.

आये एकटी पडली म्हणून बाळाने तिला मोबाइल घेऊन दिला. आणि जी बाई फोन कशाला हवा म्हणायची, ती दिवसातून दोनदा फोन करायला लागली. कोंबडीने अंडी कुठे घातली, गुरव काय म्हणाला, असलंच काहीतरी. पण इकडे डब्यातून माझी रिंग आली की माझे पाय गार पडायचे. छाती अशी उडायची की मी शेगडीसमोर उभी राहू शकायची नाही. पहिले काही महिने कसाबसा उचलायचे. मग सायलेंटवर टाकला. सायलेंटवरही तो डब्यात थरथरायचा, म्हणून बंदच करून ठेवायला लागले. आयेला सांगायचं, नेटवर्क नव्हतं.

मंगल म्हणाली, “काय गं, कुणाला चुकवतेस? दुसरा नवरा केलास काय?”

माझा पहिला नवरा, म्हणजे आहे तोच, म्हणायचा, “उचल ना यार! आई आहे तुझी, पोलीस नाही.”

सगळ्यांचं बरोबर होतं. पण बरोबर असलेलं ऐकून छाती थांबत नाही.

मागच्या वर्षी आये अंगणात घसरली. पाय मुरगळला. घरी एकटीच पडून होती, वेळ जाईना म्हणून तिने मला तीनदा फोन लावला. मी तिन्ही वेळा नाव बघितलं आणि फोन पालथा घातला. त्यानंतर तिने फोन करायचं सोडूनच दिलं. बाळाकडून कळलं, कुणी विचारलं की सांगते, “तिका थंय येळ नाय.” म्हणजे माझ्या आयेचं आणि माझं बोलणं संपलं होतं. ती जिवंत असताना संपलं होतं. आणि ते मीच केलं होतं.

दवाखान्यात गेले ते छातीसाठी. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांची मला तरी गरज दिसत नाही, शेवटच्या खोलीत जाऊन बोला. मी घरी येऊन विचार केला. नुसतं बोलून पीडा काढणारा एकच माणूस मला माहीत होता, आमच्या गावचा जाणकार. त्याच्यासमोर नारळ ठेवायचा आणि गप्प बसायचं. आपण काही सांगायचं नसतं. तोच बघतो आणि सांगतो, कुठून लागलंय, कसं काढायचं.

बुधवारी मी नारळ घेऊन गेले. शेंडी ताईंच्या दिशेला करून टेबलावर ठेवला आणि गप्प बसले.

ताईही गप्प. मी वाट बघतेय, त्या बघताहेत म्हणून. त्या वाट बघताहेत, मी बोलेन म्हणून. नंतर त्यांनी सांगितलं, त्यांना शिकवलेलंच असतं, समोरच्याला वेळ द्यायचा, मध्ये घुसायचं नाही. पाच-सात मिनिटं तरी गेली असतील. शेवटी मलाच राहवेना. विचारलं, “काय दिसलं?”

“मला?” त्या दचकल्या. “मला तुम्ही दिसताय. मघापासून उजव्या हाताने डाव्या हाताचं बोट आवळून बसलाय. नखं पांढरी झालीत.”

मी खाली बघितलं. खरंच होतं.

मग मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, एवढं काढून टाका. त्या हसल्या. “काढता येत असतं तर माझी स्वतःची दोन-चार आधी काढली असती. मला काढता येत नाही. तुमच्याबरोबर बसून त्याच्याकडे बघता येतं. चालेल?”

मनात म्हटलं, वाट लागली. नारळ फुकट. पण उठून यायचा धीर झाला नाही. आणि खरं सांगू, थोडी गंमतही वाटली. बघता येतं म्हणजे काय?

पुढच्या बुधवारी त्यांनी आपणहून विचारलं, त्या नारळावर गावी काय म्हणतात? मी सांगितलं, गाऱ्हाणं घालतात. म्हणून दाखवा म्हणाल्या. मला लाज वाटली, तरी आबांच्या चालीवर म्हटलं, “बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या पाठी फोनाची जी काय पिडा लागली आसा, ती दूर कर रे म्हाराजा!” आणि ताई पटकन विचारतात कशा, “मग सगळे काय म्हणतात?” मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

मग ताई म्हणाल्या, “आता एक करून बघू. चुकलं तर सोडून देऊ. सगळं म्हणायचं, फक्त ‘दूर कर’ तेवढं म्हणायचं नाही. जे आहे तेवढंच सांगायचं.”

मी सुरू केलं. बा देवा म्हाराजा, फोन वाजलो की... आणि अडले. ‘दूर कर’ नसेल तर सांगायचं काय? पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. ताई म्हणाल्या, सावकाश. वाजला की आधी काय होतं? मग बघायलाच लागलं. आधी छाती नाहीच उडत, आधी कानाच्या पाळ्या गरम होतात! चार वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. मग जिभेखाली सुकतं. मग गळ्याखाली सुपारीएवढं काहीतरी अडकतं, आणि ते अडकलं की मग छाती. “बा देवा म्हाराजा, फोन वाजलो की माझे कान तापतत, तोंड सुकता, आणि माका वाटता, आता आयेचा...” त्याच्यापुढे मी बोलले नाही. रडले. आबांसाठी जे राहिलं होतं तेही त्यातच आलं.

ताईंनी उगी उगी म्हटलं नाही. अगदी हळू म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.” त्यांना आमचं बोलणं धड जमत नाही, पण म्हणाल्या.

ह्यात काय करायचं असतं ते त्यांनी मला सांगितलंय. भावना हाकलायच्या नाहीत, त्यांना जागा द्यायची आणि आपल्याला जे करावंसं वाटतं ते त्यांच्यासकट करायचं. ऐकायला सोपं. मला घरचा अभ्यास असा होता की मुलीने माझा फोन वाजवायचा, मी उचलायचा नाही आणि कापायचाही नाही. टेबलावर हात ठेवून नुसतं बघायचं, आज कुठे काय होतंय. मुलीला झकास खेळ मिळाला. “आई, कान तापले? आता सुपारी आली का?”

दुसऱ्या आठवड्यात सगळं आणखी वाढलं. मी चिडले. ताईंना तोंडावर म्हटलं, तुमच्या ह्या गप्पांनी उलट जास्त होतंय, आणि एक बुधवार गेलेच नाही. पण त्या बुधवारी लाटता लाटता लक्षात आलं की मी आपल्याच कानांकडे लक्ष देऊन उभी आहे, आज उजवा आधी तापतो की डावा. भीती होती तशीच होती, पण आता मला तिच्याविषयी उत्सुकता वाटत होती. हे कधी सुरू झालं? पुढच्या बुधवारी परत गेले. ताईंनी न येण्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. त्यांनी दुसरंच विचारलं, “फोन उचलायचाय तो कशासाठी?”

“भीती जावी म्हणून.”

“आणि नाही गेली तर?”

“तरी आयेचा आवाज ऐकायचा आहे.”

“मग भीती जायची वाट कशाला बघायची?”

पण आयेचा फोन तर आता येतच नव्हता. ज्या रिंगची मला एवढी धास्ती, तिचीच मी वाट बघत बसले. पंधरा दिवस गेले. शेवटी एका रविवारी दुपारी मीच लावला. कान तापले, सुपारी आली, मी म्हटलं, आलीस, बस. पलीकडे रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. तिने उचलला नाही. परत लावला. नाही. आता मात्र छाती उडायला लागली. आये रागावली, नाहीतर आये... मुलीने माझा हात धरला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बाळाने उचलला. “अगो, काकी फोन हातात घेवन बसली हा! उचलूक घाबारता! म्हणता, ती कधी फोन करणा नाय, कायतरी झाला आसतला. घे, बोल.”

मग आये. श्वासच आधी ऐकू आला. “काय जाला?”

“काय नाय जाला.”

“जावय बरो आसा? चेडू?” म्हणजे माझी मुलगी.

“सगळी बरी आसत.”

“मगे फोन कित्याक केलंस?”

“असोच.”

माझी छाती उडत होती, तिचीही उडत असणार. कितीतरी वर्षं आम्ही दोघी एकाच गोष्टीला भीत होतो आणि एकमेकींना माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, “परसातल्या फणसाक औंदा बुंध्याकडेच फळा लागली हत. कोल्हे खातले मेले.” आणि आम्ही कोल्ह्यांवर वीस मिनिटं बोललो.

भीती गेलेली नाही. हे मला मुद्दाम सांगायचंय, नाहीतर तुम्ही म्हणाल हिचं बरं झालं. कालही तापले कान. एखाद्या दिवशी जमतच नाही, मग मी संध्याकाळी परत फोन करते आणि खरं सांगते, नेटवर्क होतं, मलाच उचलवला नाही. तीही आता सांगते, तिला कधी भीती वाटते ते.

लोक विचारतात, तुझं घर कुठलं? रेशनकार्ड दहिसरचं आहे, मतदान इथलं आहे, आये तिकडे आहे. पूर्वी मी अडखळायचे. आता वाटतं, जिथे काही झालेलं नसताना फोन लावता येतो, ते घर. अशी माझी आता दोन-तीन घरं आहेत.

वैदेहीताईंचं मात्र मला काहीच ठाऊक नाही. कुठल्या गावच्या, घरी कोण, काही नाही. मी बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं, अशीच ती खोली आहे. पण माझी शेवटची बुधवारची वेळ होती तेव्हा माझ्याआधीची बाई रडून बाहेर पडली, आणि मी आत गेले तर ताई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, चष्मा हातात. लगेच वळून म्हणाल्या, “या, बसा.” ते मला विसरता येत नाही. ताई, हे तुमच्या हाती पडेल की नाही माहीत नाही. पण एक दिवस मी तुम्हाला आमच्या चाळीत घेऊन येणार आहे. गरम घावणे घालीन, मुलीला खेळायला पाठवीन, आणि विचारीन, तुमचं काय चाललंय? मग पाच मिनिटं लागोत की तास, मी मध्ये बोलणार नाही.