बार्बरा किन्झरचा तिसरा हिस्सा

वेंडेल किन्झरला टेकडी सोडून जायचं होतं. गुडघे कामातून गेले होते, आणि बर्फ पडला की टपालाच्या पेटीपर्यंत जाणंही जिवावर येई. त्याची मुलगी मार्नी दूर टूसॉनला, उबदार हवेच्या गावात, त्याच्यासाठी खोली राखून बसली होती. खोलीला एकही पायरी नव्हती. "जूनपर्यंत ये बाबा, नाहीतर मला ती दुसऱ्याला द्यावी लागेल," असं तिने स्वच्छ सांगून टाकलं होतं.

अडचण एझराची होती.

एझरा म्हणजे घराण्याचा पहिला माणूस. व्हर्जिनियाच्या या डोंगरांत गोऱ्यांची वस्ती नव्हती तेव्हा तो आला, शॉनी आदिवासींच्या शिकारीच्या रानात त्याने लाकडाचं घर बांधलं, आणि १७७४ साली त्यांच्याशी लढताना दारातच पडला. टेकडीवर अक्षर नसलेला जो धोंडा आहे, तो त्याचा. जमीन तेव्हापासून किन्झरांच्या नावावर, आणि एक किन्झर कायम तिथे राहणारा. वेंडेलच्या वडिलांनी मरताना त्याचा हात धरून म्हटलं होतं, "एझराला एकटं टाकू नकोस." तेव्हा वेंडेलला सवानाच्या बंदरात नोकरी लागली होती आणि सामान गाडीत भरून झालं होतं. ते त्याने उतरवलं. पुढे लग्न झालं, मार्नी झाली. दहा-बारा हिवाळे काढून बायको म्हणाली, "मी तुझ्याशी लग्न केलं होतं, धोंड्याशी नाही," आणि मुलीला घेऊन गेली.

त्याने आडून आडून विषय काढून पाहिला नाही असं नाही. त्याचा चुलतभाऊ डरवर्ड दरीच्या तोंडाशी राहायचा. धडधाकट माणूस.

"तू ये ना वर राहायला," वेंडेल एकदा म्हणाला.

"मी? अरे, वर मोबाइलला रेंज नाही, बायकोला उंची सोसत नाही. आणि तू आहेस की."

"मी नसलो तर?"

"कुठे जाणार आहेस तू?" डरवर्ड हसत म्हणाला. विषय तिथेच संपला.

त्या हिवाळ्यात घराण्याने ठरवलं की धोंड्याच्या जागी एझराचं नाव कोरलेला दगड बसवायचा. जुन्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांची एक संस्था अशा दगडावर आपली पितळी पट्टी लावून देत असे, पण तिला मृत्यूचा पुरावा हवा होता. काम अर्थातच वेंडेलकडे आलं. तालुक्याच्या कोर्टातली दप्तरखोली त्याला नवी नव्हती. मृत्युपत्रं, वारसांच्या वाटण्या, मालमत्तेच्या मोजदादी त्याने पूर्वीही चाळल्या होत्या आणि काही मिळालं नव्हतं. आधीच्या पिढीतल्यांनीही तेच चाळलं होतं. जमीन विकणाऱ्यांची सूची मात्र कुणीच उघडली नव्हती. जमीन कधी विकलीच नाही, तर ती कशाला बघायची?

वेंडेलनेही ती उघडली ती केवळ बाहेर गारांचा पाऊस होता म्हणून. घरी जाण्यासारखं हवामान नव्हतं आणि दुसरं काही वाचायचं उरलं नव्हतं.

नोंद १७७९ची होती. एझरा किन्झरने ओढ्यावरची जमीन मुलाला, पीटरला, विकली होती. वेंडेलला आधी वाटलं, हा दुसरा कुणी एझरा असेल. या कामात एकाच नावाच्या दोन माणसांना एक समजणं ही नेहमीची चूक. पण खाली जोडपत्र होतं. त्या काळी नवऱ्याने जमीन विकली तरी बायकोचा त्यातला हक्काचा तिसरा हिस्सा तिने स्वतः सोडल्याशिवाय सुटत नसे. न्यायाधीश तिला नवऱ्यापासून वेगळं बसवून विचारत, बाई, हे राजीखुशीने करतेस ना? बार्बरा चालून येऊ शकत नव्हती म्हणून दोन न्यायाधीश तिच्या घरी गेले होते. तिने हिस्सा सोडला होता. जमिनीच्या १७७१च्या मूळ कागदावर, पहिल्या एझराच्या नावाशेजारी, हीच बार्बरा होती. पुढे केंटकीच्या जुन्या कागदपत्रांत दोघं सापडली. तिथे एझराने वीस वर्षं घोडे पाळले आणि म्हातारा होऊन मेला.

वेंडेलने कागद मिटले. ज्याच्यासाठी तो उभा जन्म टेकडीवर बसला होता, तो माणूस मुलाच्या हातात जमीन देऊन आठच वर्षांत चालता झाला होता. त्याने गाडीतूनच मार्नीला फोन केला. "खोली कुणाला देऊ नकोस," म्हणाला.

मे महिन्यात कबरी सजवायचा रविवार आला. सगळे किन्झर टेकडीवर जमले. गवत कापलं, कबरींवर पिओनीची फुलं ठेवली, लांब फळ्यांवर तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, घेवडा मांडला. जेवणाआधी एझराची गोष्ट सांगायची रीत होती. वेंडेल उभा राहिला आणि या वेळी खरी सांगितली.

एक्याण्णव वर्षांच्या आयसी आत्याने नीट ऐकू यावं म्हणून कानामागे तळवा धरला. "पळून गेला म्हणतोस?"

"पळून नाही आत्या. रीतसर विकून गेला."

"बायकोला घेऊन?"

"घेऊन."

"मग निदान माणूस तरी बरा होता," आत्या म्हणाली. कुणीतरी हसलं. एक चुलत सून म्हणाली, "आता त्या पितळी पट्टीचं काय?" "केंटकीवाल्यांना पाठवा," डरवर्ड म्हणाला, आणि सगळेच हसले. वेंडेलला हलकं वाटलं. आता सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

"पण मग," आत्या धोंड्याकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं आपण फुलं वाहतोय ती कुणाला?"

"वेंडेल शोधेल ना," डरवर्ड म्हणाला. "ते जुनं अक्षर दुसऱ्या कुणाला लागतंय?"

"मी जूनमध्ये टूसॉनला जातोय," वेंडेल म्हणाला. "कायमचा."

कुणी विरोध केला नाही. "मुलीकडे जावंच," असंही एक-दोघं म्हणाले. मग वर कोण राहणार, हा प्रश्न न विचारता सगळ्यांच्या ताटांवरून फिरला. डरवर्ड पावाला लोणी लावत बसला, तरुण मंडळी गाडीकडे वळली. एझरासाठी आणलेली फुलं आत्याच्या मांडीवर तशीच होती. तिने ती वेंडेलला दिली. "बेवारशी असला तरी ठेव. माझ्याच्याने वाकवत नाही."

वेंडेल कसाबसा गुडघ्यावर बसला. धोंड्याखाली एझरा असता, तर वेंडेल गेल्यावरही निदान नाव तरी मागे राहिलं असतं. आता तिथे कोण होतं हेच कुणाला माहीत नव्हतं, आणि शोधू शकणारा तो एकटा होता. फुलं ठेवून त्याने उठायला हात मागितला तेव्हा जवळ कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरातल्या लँडलाइनवर मार्नीचा फोन आला. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग तिकीट काढू?"

त्याने खिडकीतून धोंड्याकडे पाहिलं.

"बाबा, एझरासुद्धा गेला."

"गेला," वेंडेल म्हणाला. "मागे ठेवायला त्याला पीटर होता."

तिकिटाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मग मार्नीने गुडघ्याच्या गोळ्या घेतल्या का म्हणून विचारलं, आणि तो घेतल्या म्हणाला.