त्याच्या नावाचा श्वास

मालकाने माझा जबडा धरला आणि मशीनची नळी दातांवर आपटली.

"घर में चूल्हा फूँकते नई तुम? वैसाइच फूँको."

शेडमधले ड्रायव्हर हसले. सगळे नाही. पण हसले.

कुकटपल्लीच्या त्या शेडमध्ये बसच्या चाव्या माझ्या ताब्यात असत. आमच्या बस औषधांच्या एका कारखान्याला लावलेल्या होत्या. कारखान्याची अट साधी. निघण्यापूर्वी प्रत्येक ड्रायव्हरने मशीनमध्ये फुंकायचं. शून्य आलं तर चावी. दारू प्यायला असेल तर आकडा चढतो, आणि त्याने घरी जायचं.

यादगिरी नावाच्या ड्रायव्हरचा आकडा एकदा चढला होता. मालकाने त्याला सगळ्यांसमोर पट्ट्याने मारलं, मग आठवडाभर घरी बसवलं. घरी पाठवा, मारता कशाला, असं मी म्हणाले. "डिसिप्लिन है मॅडम," मालक म्हणाला.

त्या सकाळी गाडीवर ड्रायव्हर म्हणून मालकाचा मेहुणा होता. टायरला टेकून उभा, कारण नुसतं उभं राहणं जमत नव्हतं. त्याला तारनाक्याला जाऊन पॅकिंगच्या बायका बसमध्ये भरायच्या होत्या. मी चावी दिली नाही.

मालक आला. आधी ओरडला नाही.

"घर का बच्चा है. मशीन में शून्य होना, इत्ताच ना? तुम फूँक दो उसके नाम पे. तुम लोगां तो पीते नई."

"नाही," मी म्हणाले.

मग जबडा.

नळी तोंडात कोंबलेली. मी श्वास धरून ठेवला. त्याने नाक दाबलं. मी धरून ठेवला. छाती फुटायला आली. तेव्हा त्याने गुडघा माझ्या पोटात मारला. श्वास निघाला, पण नळीत नाही. त्याच्या तोंडावर, रक्तासकट. त्याचा अंगठा माझ्या दातांत आला. मी चावले. हाड लागेपर्यंत चावले. त्याने केस धरून माझं डोकं डिझेलच्या पिंपावर आदळलं, तेव्हा अंगठा सुटला.

मेहुण्याने माझी बोटं पिरगाळून चावी काढून घेतली. मालकाने मशीन यादगिरीपुढे धरलं.

"तू फूँक."

यादगिरीने माझ्याकडे पाहिलं. मग फुंकलं. शून्य.

"क्या करता अक्का," तो नंतर मला म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे.

बस सुरू झाली. जॅकची टॉमी भिंतीशी पडली होती, लोखंडी, हातभर लांब. मी ती उचलली आणि बसच्या पुढच्या काचेवर घातली. काच तडकली. पुन्हा घातली. पुन्हा. काचेचा चुरा मेहुण्याच्या मांडीवर पडला तसा तो शिव्या देत खाली उतरला आणि माझ्या अंगावर आला. मी टॉमी त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बरं वाटलं.

आता कोणी हसत नव्हतं. बस जागची हलली नाही. पोलिसांना फोन मीच केला.

आज दोन तक्रारी आहेत. माझी त्यांच्यावर, त्यांची माझ्यावर. नल्लकुंट्याला राहणारे माझे दीर वकील आहेत. तडजोडीचा निरोप घेऊन तेच आले.

"वहिनी, ते मागे घेताहेत, तुम्हीही घ्या. आपल्या घरातली बाई शेडमध्ये टॉमी घेऊन, बरं दिसतं का?"

"भावोजी, बरं दिसायला मी तिथे गेले नव्हते."

"कोर्टात वाटेल ते विचारतील तुम्हाला."

"विचारू देत."

दीर चहा न घेता उठले. तेव्हापासून त्यांच्या घरचा फोन नाही.

मी तक्रार मागे घेणार नाही. काच मी फोडली, मनगट मी मोडलं, दोन्ही कबूल करणार आहे. शिक्षा झाली तर भोगेन. पण मेहुण्याच्या नावावरचं ते शून्य कोणाच्या तोंडचं होतं, हेही मी सांगणार आहे. यादगिरीच्या समोर, त्याचं नाव घेऊन. त्याची नोकरी जाईल, मला माहीत आहे.

तरी सांगणार आहे.