पाणी फुंकणारी विहीण

अकोल्याला फोन आला तेव्हा मी आंघोळीला निघालो होतो. "मामा, आई गेली..." भाचा महेश एवढंच बोलला. का कोण जाणे, पहिल्यांदा मनात आल्या त्या हाँगकाँगच्या विहीणबाई. त्यांना कोण सांगणार?

कुसुमताई माझी थोरली बहीण. अमरावतीच्या राजापेठेत तिचं फुलांचं दुकान. हाताला कायम शेवंतीचा वास आणि जिभेला हाड नाही. महेश नोकरीला हाँगकाँगला, त्यानं तिथलीच मेई पसंत केली, तेव्हा ताईला एकच काळजी पडली. आमच्याकडे लग्नात विहिणीला चिडवलं नाही, तर ती पाहुणीच राहते, सोयरी होत नाही. मग व्हिडिओ कॉलवर होणाऱ्या सुनेकडे ताईची शिकवणी लागली. त्यांच्या कॅन्टोनीज बोलीत लिंबू खाल्लं म्हणजे पोरीनं नकार दिला, पाणी फुंकलं म्हणजे फुकटच्या गप्पा हाणल्या. ताई हार ओवता ओवता घोकायची आणि मी चिडायचो. कारण मेईच्या आईला हे लग्नच नको होतं. काही वावगं दिसलं तर पोरीला घेऊन परत जाईन, असं तिनं बजावलं होतं.

अमरावतीत आल्यापासून ती बाई एक शब्द बोलली नव्हती. हळदीच्या दिवशी ताई उठली, तसा मी तिचा पदरच धरला. "ताई, नको नं वो!"

"गप बस. मले काहून भेव दाखवून राहिला तू?"

भर मांडवात विहिणीपुढे उभी राहून ती म्हणाली, "नेय हौ सिक छोय सोय!" भारीच पाणी फुंकता हो तुम्ही! मेईचा चेहरा पांढराफटक पडला. विहीणबाईंनी ताईला खालून वर न्याहाळलं आणि सावकाश काहीतरी बोलल्या.

महेश म्हणाला, "आई, त्या म्हनतात, अजून मी सुरू कुठी केलं!"

दोघी हसत एकमेकींच्या अंगावर पडल्या. पुढे रोज फोनवर पाणी फुंकणं सुरू झालं, आणि ताईनं चक्क हाँगकाँगला जायचं ठरवलं.

तेरवीला विहीणबाई आल्या. थेट ताईच्या खोलीत गेल्या. हाँगकाँगसाठी भरलेली बॅग तशीच होती, वरच कुरड्यांचा डबा. त्यांचं बोलणं सांगायला महेश पुढे झाला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. मग ताईच्या फोटोकडे बघत, तिनंच शिकवलेल्या वऱ्हाडीत म्हणाल्या, "काहून वो विहीणबाई, आल्या नाई?"

चिडवलं की उलट उत्तर यायला हवं. त्या बॅगेशेजारी बसून वाट पाहत राहिल्या.